कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ : स्वरूप, कायदा व शिक्षकांचे कर्तव्य

बदलीच्या अर्जात कारण म्हणून बहुधा ‘घरगुती अडचण’ किंवा ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु काही अर्ज असे असतात की, त्यांतील खरे कारण कागदावर कधीच उतरत नाही. ते सांगावयास शब्द सापडत नाहीत, ऐकून घेईल असे माणूस जवळ नसते, किंवा सांगितल्यास आपलीच बेअब्रू होईल असे भय असते. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हे अशा न लिहिलेल्या कारणांपैकी एक होय.

समजा, एखाद्या वाडीवर द्विशिक्षकी शाळा आहे. मुख्याध्यापक वयाने व सेवेने ज्येष्ठ आहेत. शिक्षिका नव्याने रुजू झालेली असून गावात भाड्याच्या खोलीत राहते. शाळा सुटल्यावर दप्तराच्या कामाचे निमित्त सांगून तिला थांबवून घेतले जाते. रात्री मोबाइलवर शाळेशी संबंध नसलेले संदेश येऊ लागतात. ती उत्तर देत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी तिची किरकोळ रजा नामंजूर होते आणि टाचणवहीत नवनवे दोष निघू लागतात. अखेर ती बदली मागते व निघून जाते. बाईंना गाव मानवले नाही, एवढेच गावाला कळते. मुलांची शिक्षिका जाते, आणि तिच्या जागी येणारी दुसरी शिक्षिका त्याच दप्तरापुढे येऊन बसते.

हे उदाहरण कल्पित आहे. परंतु त्यातील प्रत्येक पायरी कायद्याने ओळखलेली आहे. ती शिक्षकांसही ओळखता यावी आणि बदलीच्या अर्जाखेरीज दुसरी वाट कोणती आहे हे त्यांना कळावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिस्त, छळ आणि लैंगिक छळ

प्रथम या तीन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. टाचण नियमित असावे असा आग्रह मुख्याध्यापकांनी धरला, किंवा शिक्षिका उशिरा आल्याची नोंद विस्तार अधिकाऱ्यांनी केली, तर तो छळ नव्हे. ते त्यांचे कर्तव्य आहे. मात्र ते सर्वांस सारख्या मापाने लागू असले पाहिजे.

अधिकाराचा किंवा संख्याबळाचा वापर करून एखाद्यास वारंवार अपमानित करणे, चारचौघांत हिणविणे, मुद्दाम एकाकी पाडणे, हक्काची रजा अडवून धरणे, हा छळ होय. तो पुरुषाचाही होतो आणि स्त्रीचाही. त्याची दाद सेवानियमांनुसार वरिष्ठांकडे मागता येते. अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीस जातीवरून अपमानित केले गेल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो.

छळास लैंगिक स्वरूप आले म्हणजे तो लैंगिक छळ होतो. त्याची मुख्य कसोटी अशी की, ते वर्तन समोरच्या स्त्रीस नकोसे असले पाहिजे. करणाऱ्याचा हेतू थट्टेचा होता किंवा तो सर्वांशीच असे बोलतो, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. तसेच, ती त्या वेळी काही बोलली नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे मानणे सर्वथा चुकीचे आहे. ज्याच्या सहीवर रजा व गोपनीय अहवाल अवलंबून असतो, त्याच्यापुढे माणूस गप्प बसतो तो पुष्कळदा भीतीने. लैंगिक छळाचे मूळ जितके वासनेत असते, तितकेच ते अधिकाराच्या या विषमतेत असते.

नाव कसे मिळाले, कायदा कसा झाला

ही गोष्ट जुनी असली तरी तिला नाव मात्र उशिरा मिळाले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कार्मिटा वुड नावाच्या एक बाई कार्यालयीन काम करीत होत्या. एका वरिष्ठ प्राध्यापकाच्या अंगलगटीस कंटाळून त्यांनी दुसरीकडे बदली मागितली. ती मिळाली नाही, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. बेकारभत्त्यासाठी अर्ज केला असता, त्यांनी वैयक्तिक कारणाने नोकरी सोडली असे ठरवून तो फेटाळण्यात आला. त्यांच्यासारखेच अनुभव असलेल्या अनेक स्त्रिया १९७५ साली इथाका या गावी एकत्र आल्या. त्याच वर्षी तेथील कार्यकर्त्या स्त्रियांनी या प्रकारास ‘लैंगिक छळ’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग रूढ केला. जे ‘वैयक्तिक’ म्हणून दडपले जात होते, ते पुष्कळांच्या वाट्यास आलेले आहे, हे त्या नावाने प्रथम दिसू लागले.

भारतातील कायद्याचा उगम एका खेड्यात आहे. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत होत्या. बालविवाह थांबविणे हे त्यांच्या कामाचाच भाग होते. असा एक विवाह रोखण्याचा त्यांनी प्रयत्न केला, आणि त्या रागातून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाल्याची तक्रार त्यांनी नोंदविली. १९९५ साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. परंतु या घटनेने एक प्रश्न पुढे आणला : शासनाचे काम करीत असता स्त्रीवर संकट ओढवले, तर तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? ‘विशाखा’ व इतर महिला संस्थांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर व न्यायमूर्ती बी. एन. कृपाल यांच्या पीठाने निकाल दिला. त्यांतील सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश होत्या. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होणे हा स्त्रीच्या समतेच्या, प्रतिष्ठेने जगण्याच्या व व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरविले आणि कायदा होईपर्यंत पाळावयाची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. पुढे २०१३ साली संसदेने कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम संमत केला. तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला.

कायद्यातील व्याख्या

पुढील पाच प्रकारचे नकोसे वर्तन, मग ते प्रत्यक्ष असो वा सूचक, या अधिनियमाने लैंगिक छळ मानले आहे :

(१) शारीरिक स्पर्श व लगट;
(२) शरीरसुखाची मागणी किंवा विनंती;
(३) लैंगिक अर्थाचे बोलणे व शेरे;
(४) अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखविणे;
(५) लैंगिक स्वरूपाचे अन्य कोणतेही शारीरिक, शाब्दिक वा निःशब्द वर्तन.

रोखून पाहणे, शीळ घालणे, हावभाव करणे, नको तसे संदेश पाठविणे, या गोष्टी पाचव्या प्रकारात येऊ शकतात.

अशा वर्तनाशी जोडून नोकरीत सवलतीचे आमिष दाखविणे, नुकसानीची किंवा नोकरी जाण्याची धमकी देणे, कामात अडथळा येईल असे भयाचे वा किळसवाणे वातावरण निर्माण करणे, किंवा आरोग्यास व सुरक्षिततेस बाध येईल अशी अपमानास्पद वागणूक देणे, हेही लैंगिक छळात मोडते. आरंभीच्या उदाहरणात स्पर्श कोठेच नव्हता. तथापि रात्रीचे संदेश आणि त्यानंतर नामंजूर झालेली रजा, या दोहोंचा संबंध जुळला की तो प्रकार कायद्याच्या व्याख्येत येतो.

शाळा हेही कामाचे ठिकाणच

‘कामाचे ठिकाण’ म्हटले की कारखाना किंवा कचेरी डोळ्यांपुढे येते. परंतु अधिनियमात शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. इतकेच नव्हे, तर कामानिमित्त जेथे जावे लागते ते प्रत्येक स्थळ, आणि त्यासाठी मालकाने पुरविलेले वाहनही, त्यात समाविष्ट आहे. यास्तव प्रशिक्षणाचा वर्ग, क्रीडास्पर्धांचे मैदान, सहलीचा मुक्काम, केंद्र संमेलन, ही सर्व या अर्थाने कामाचीच ठिकाणे होत.

कायमस्वरूपी सेवेतील शिक्षिकेलाच हे संरक्षण आहे असे नव्हे. रोजंदारीवर, कंत्राटावर, तात्पुरत्या नेमणुकीवर किंवा स्वेच्छेने विनामोबदला काम करणाऱ्या स्त्रीलाही ते आहे. म्हणजे पोषण आहार शिजविणाऱ्या मदतनीस बाई, मानधनावरील शिक्षिका आणि आंतरवासितेसाठी काही आठवडे शाळेत आलेली छात्राध्यापिका, या सर्वजणी त्यात येतात. या तिघींचा विशेष विचार झाला पाहिजे. त्यांची नेमणूक कच्ची असते, आणि छात्राध्यापिकेचा शेरा शाळेच्या हाती असतो. ज्यांचा आवाज सर्वांत लहान, त्यांच्यावर जाच होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो.

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याकरिता विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ चे स्वतंत्र विनियम केले आहेत. त्यांत कर्मचाऱ्यांबरोबर विद्यार्थ्यांचाही विचार केलेला असून, विद्यार्थिनींखेरीज विद्यार्थी व तृतीयपंथी यांनाही असा उपद्रव होऊ शकतो हे मान्य केलेले आहे. गुण, संशोधनाची मान्यता व शिफारसपत्र ही तेथील अधिकाराची साधने असल्यामुळे, मार्गदर्शक व शिष्य यांच्या नात्यातही हीच विषमता असते.

तक्रार कोठे व कशी करावी

ज्या आस्थापनेत १० किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे अंतर्गत समिती नेमणे मालकावर बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असते. निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य महिला असाव्या लागतात, आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतील असतो. जेथे दहापेक्षा कमी कर्मचारी असल्याने अशी समिती नाही, किंवा जेथे तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तेथील स्त्रीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. तालुक्याच्या ठिकाणी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याने आपल्याकडे आलेली तक्रार ७ दिवसांच्या आत या समितीकडे पाठवावयाची असते.

वाडीवरील शाळेत दोनच शिक्षक असले तरी त्यांची सेवा जिल्हा परिषदेची असते. म्हणून शिक्षिकेने आपल्या पंचायत समितीच्या व जिल्हा परिषदेच्या अंतर्गत समितीची, तसेच जिल्ह्याच्या स्थानिक समितीची माहिती आधीच करून घ्यावी. संकट आल्यावर पत्ता शोधणे फार कठीण जाते. शी-बॉक्स या केंद्र शासनाच्या संकेतस्थळावरूनही तक्रार करता येते.

तक्रारीसंबंधी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) तक्रार लेखी असावी. ती घटनेपासून, किंवा प्रकार वारंवार घडला असल्यास शेवटच्या घटनेपासून, ३ महिन्यांच्या आत द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.
(२) जिला लिहिता येत नाही, तिला लिहून देण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे.
(३) तक्रारीच्या ६ प्रती, उपलब्ध पुरावा आणि साक्षीदारांची नावे जोडावी. तारीख, वेळ, स्थळ व उच्चारलेले शब्द यांची नोंद त्या त्या दिवशीच करून ठेवावी. मोबाइलवरील संदेश पुसून टाकू नयेत.
(४) चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावयास हवी. ती संपल्यापासून १० दिवसांत अहवाल द्यावा, आणि त्यावरील कार्यवाही ६० दिवसांत व्हावी, असे कायदा सांगतो.
(५) चौकशी चालू असता तक्रारदार स्त्रीने लेखी विनंती केल्यास, दोघांपैकी एकाची बदली करावी, तिला ३ महिन्यांपर्यंत रजा द्यावी, किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिचा गोपनीय अहवाल लिहू नये, अशी शिफारस समिती करू शकते.
(६) समेट तिने स्वतः मागितला तरच होऊ शकतो, आणि पैशाची देवघेव हा त्याचा आधार असता कामा नये. गावातील चार प्रतिष्ठितांनी मिटवामिटवी करण्यास या कायद्यात स्थान नाही.

समितीकडे गेल्याने पोलिसांकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार पुरुषाने केलेला लैंगिक छळ हा गुन्हा आहे. त्यातील गंभीर प्रकारांस ३ वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. उपद्रव देणारा शाळेचा कर्मचारी नसून गावातील ठेकेदार किंवा पुढारी असेल, तर गुन्हा नोंदविण्याच्या कामी तिला साहाय्य करणे हे तिला कामावर ठेवणाऱ्याचे कर्तव्य आहे.

चौकशी न्याय्य असली पाहिजे

या कायद्याचा दुरुपयोग होईल, अशी शंका पुष्कळ शिक्षकांच्या मनात असते. तिचा विचार कायद्याने केलेला आहे. द्वेषबुद्धीने केलेली खोटी तक्रार सिद्ध झाल्यास कार्यवाही होऊ शकते. मात्र केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. आरोप झालेल्या व्यक्तीस तक्रारीची प्रत मिळते, उत्तरासाठी मुदत मिळते व आपली बाजू मांडता येते.

या नियमांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे गोवा विद्यापीठातील एका प्रकरणावरून दिसून येते. तेथे २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. चौकशी झाली व त्यास सेवेतून काढण्यात आले. परंतु १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती चौकशी अनाठायी घाईने उरकलेली असल्याचे सांगून निर्णय रद्द केला, आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी परत पाठविले. १४ वर्षे लोटली, तरी तक्रार करणाऱ्या मुलींना निर्णय मिळाला नाही आणि आरोप झालेल्यासही नाही. याच प्रकरणात न्यायालयाने देशभरातील समित्या खरोखर अस्तित्वात आहेत की नाहीत याची पडताळणी करावयास सांगितले, आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी जिल्हा अधिकारी, स्थानिक समित्या व नोडल अधिकारी यांच्या नेमणुकांसाठी मुदती घालून दिल्या. तात्पर्य, केवळ कागदावर असलेली समिती आणि घाईने उरकलेली चौकशी, या दोहोंमुळे न्यायाचीच हानी होते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत नियम वेगळा

येथे शिक्षकांनी एक भेद कटाक्षाने पाळला पाहिजे. प्रौढ स्त्रीने तक्रार करावी की नाही, हे तिने ठरवावयाचे असते. सहकाऱ्यांनी तिला बळ द्यावे. तिच्यावतीने परस्पर निर्णय घेऊ नये. परंतु १८ वर्षांखालील मुलामुलींच्या बाबतीत असा विकल्प नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या अधिनियमानुसार, असा अपराध घडल्याचे ज्यास कळले त्याने पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. हे संरक्षण मुलगे व मुली दोघांनाही सारखेच आहे. माहिती दडविणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणून शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. शाळेची अब्रू, गुन्हेगाराचे कुटुंब किंवा गावातील सलोखा, यांपैकी कोणतेही कारण येथे चालत नाही. मुलाचे नाव मात्र बाहेर फुटता कामा नये. १०९८ या क्रमांकावर बालकांसाठी, १८१ वर महिलांसाठी व ११२ वर तातडीचे साहाय्य मिळते.

मुख्याध्यापक व सहकारी यांचे कर्तव्य

समितीतील सदस्यांची नावे व छळाचे परिणाम सांगणारा फलक ठळक जागी लावावा, असे कायदा सांगतो. तो कपाटाच्या आड लावल्यास लावला नाही असेच समजावे. शाळा सुटल्यावर काम असेल तर ते उघड्या दाराच्या खोलीत व्हावे. कामाचे संदेश कामापुरते आणि योग्य वेळी पाठवावेत. शिक्षकांच्या मोबाइल गटावर अश्लील विनोद आला, तर त्यावर न हसणे एवढे पुरेसे नाही. तो थांबविणे हे ज्येष्ठांचे काम आहे.

एखादी सहकारी भगिनी काही सांगू लागली, तर तिचे बोलणे शांतपणे पुरते ऐकून घ्यावे. ‘तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?’ हा प्रश्न विचारू नये. उत्तर वर आलेच आहे : भीतीमुळे. तिने सांगितलेले इतरांस सांगू नये. तक्रारदाराचे नाव व चौकशीचा वृत्तान्त प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे. साक्षीस बोलाविल्यास जे पाहिले व ऐकले तेवढेच सांगावे. पण ते निर्भयपणे सांगावे.

सावित्रीबाई फुले १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागल्या, तेव्हा शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला गेला. त्यांनी ते सोसले आणि शिकविणे सोडले नाही, म्हणून आज गावोगावच्या शाळांत शिक्षिका उभ्या आहेत. परंतु त्यांच्या सहनशीलतेचा दाखला देऊन आजच्या शिक्षिकेस गप्प राहावयास सांगणे, हा त्या थोर बाईंच्या कार्याचा विपर्यास होईल. सोसणे हा सेवेच्या शर्तींचा भाग नाही. ज्या शाळेत मोठी माणसे एकमेकांची प्रतिष्ठा सांभाळतात, तेथे मुलांना तो धडा वेगळा द्यावा लागत नाही. आणि जेथे ती सांभाळली जात नाही, तेथे भिंतीवरील सुविचार मुलांच्या कानांवरून जातात, मनापर्यंत पोहोचत नाहीत.

केंद्र संमेलनात चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या पंचायत समितीच्या अंतर्गत समितीत कोण कोण आहेत? तालुक्याचे नोडल अधिकारी कोण?
(२) आपल्या शाळेतील मदतनीस बाईंना या कायद्याची माहिती कोणी व कोणत्या शब्दांत द्यावी?
(३) प्रौढ सहकारी स्त्रीची तक्रार व विद्यार्थ्याची तक्रार, या दोन्हींत शिक्षकाचे कर्तव्य कोणत्या बाबतीत वेगळे आहे?
(४) शिस्तीचा आग्रह आणि छळ यांतील सीमा आपल्या शाळेतील नित्याच्या कामांतून उदाहरणे देऊन स्पष्ट करा.